चिमूटभर लोखंड

समुद्राला आपण रत्नाकर म्हणतो. देवदानवांनी तो घुसळला तेव्हा त्यातून लक्ष्मी निघाली, चंद्र निघाला, ऐरावत निघाला. आणि ज्यांच्या नावाने आपण धनत्रयोदशीला दिवा लावतो ते धन्वंतरी अमृताचा कलश घेऊन निघाले. चौदा रत्नांची ती यादी मी लहानपणी पाठ केली होती. तिच्यात लोखंड नाही. त्यात नवल ते काय, असे कुणीही म्हणेल. लोखंड का कुठे रत्न असते! पण अलीकडे समुद्रशास्त्रावरची पुस्तके वाचण्याचा नाद लागला आणि ध्यानात आले, की या रत्नाकराच्या घरी खरी ददात कशाची असेल तर ती लोखंडाचीच.

दक्षिण महासागराचे वरचेवरचे पाणी घ्या. लिटरभर पाण्यात मीठ सुमारे ३५ ग्रॅम. लोखंड मात्र कित्येक ठिकाणी इतके विरळ, की ग्रॅमभर मिळवायचे तर सुमारे १८ कोटी लिटर पाणी उपसावे लागेल. उन्हाळ्यात खेडोपाडी फिरणारा टँकर दहा हजार लिटरांचा धरला, तर असे १८,००० टँकर! आणि या लोखंडावाचून अडते कुणाचे? डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचे. सूर्यप्रकाशातून अन्न करण्याचे पृथ्वीवर जे काम चालते त्यातले जवळजवळ निम्मे त्या करतात. हरितद्रव्य घडवायला लोखंड लागते, नायट्रेट पचवायलाही लागते. दक्षिण महासागरात नायट्रेट आणि फॉस्फेट मुबलक आहे, पण पाणी म्हणावे तसे हिरवे होत नाही. कणग्या धान्याने भरलेल्या आणि चूल पेटवायला काडी नाही, अशातली गत.

आमच्या शाळेत आठवड्यातून एकदा मुलामुलींना लोहाची निळी गोळी देतात. तोंड वाकडे करून ती गिळणाऱ्या मुलींकडे पाहताना मला हल्ली समुद्र आठवतो. जुने वैद्य पांडुरोगावर मंडूरभस्म देत. मंडूर म्हणजे जुनाट लोहकीट, गंजाचाच भाऊ. समुद्राचा पांडुरोग मात्र गंजामुळेच जडला आहे. आरंभीच्या समुद्रात प्राणवायू नव्हता, लोखंड पाण्यात विरघळून सुखाने राहत होते. मग सूर्यप्रकाशावर जगणारे जीवाणू आले आणि प्राणवायू सोडू लागले. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी तो हवेतही साठू लागला. समुद्रातले लोखंड गंजून तळाशी बसत गेले. आज खाणींतून आपण काढतो ते पुष्कळसे लोखंड म्हणजे तोच गाळ. ज्यांनी जगाला श्वास दिला त्यांच्याच वंशजांच्या तोंडचा घास त्या श्वासाने काढून घेतला! मी कादंबऱ्या लिहितो. असे कथानक रचले असते तर संपादकांनी 'ओढूनताणून' असा शेरा मारून ते साभार परत केले असते.

आता वाऱ्याने वाळवंटाची धूळ आणून टाकावी, किंवा खालचे पाणी वर यावे, तेवढ्यावर या जिवांनी भागवायचे. काही जीवाणू अंगातून गळासारखे एक द्रव्य पाण्यात सोडतात. त्याला लोखंड अडकले की ओढून घेतात. एकाने टाकलेला गळ दुसऱ्यानेच पळवावा, हेही तिथे चालतेच.

हे दुखणे ओळखायलाही माणसाला फार वेळ लागला, कारण तपासायला जाणारे जहाजच लोखंडाचे. त्याचा अंश नमुन्यात मिसळे आणि आकडे फुगून येत. कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंग येथील जॉन मार्टिन यांनी सोवळे वाटावे इतकी स्वच्छता पाळून मोजमापे केली. अर्धे जहाज भरून लोखंड द्या, मी हिमयुग आणून देतो, असे ते १९८८ मध्ये म्हणाले. सूक्ष्म वनस्पती वाढल्या म्हणजे हवेतला कार्बन शोषून घेतात आणि मेल्यावर तो घेऊन तळाशी जातात, असा हिशेब. बोलणे थट्टेचे होते. पण हवा तापू लागल्यावर ते थट्टेवारी नेण्याच्या मनःस्थितीत सगळेच राहिले नाहीत. १९९३ मध्ये पॅसिफिकमध्ये प्रत्यक्ष लोखंड टाकून पाहिले, तेव्हा मार्टिन हयात नव्हते. काही महिन्यांपूर्वीच ते वारले होते.

२००९ मध्ये आपणही यात उतरलो. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांच्या त्या प्रयोगाचे नाव 'लोहाफेक्स'. त्यातला 'लोहा' आपल्याकडचा. ओरड झाली, जर्मन सरकारने काही दिवस काम थांबवले, मग परवानगी दिली. ३०० चौरस किलोमीटर पाण्यात ६ टन विरघळलेले लोखंड गेले. दोन आठवड्यांत सूक्ष्म वनस्पती दुप्पट झाल्या. आणि मग जवळ्याहून बारीक अशा जिवांनी त्या फस्त केल्या, त्या जिवांना त्यांच्याहून मोठ्यांनी खाल्ले. काचेचे कवच बांधणाऱ्या जड वनस्पती वाढल्याच नाहीत, कारण त्या पाण्यात पुरेशी सिलिका नव्हती. कार्बन तळाशी गेला तो नाममात्र.

मला या निकालाचे दुःख झाले नाही. गोळी घेतल्यावर पोट दुखते का, हे मुलीला विचारता येते. महासागराला कुणी विचारायचे? एका ठिकाणचे नायट्रेट असे संपवले, तर ते पाणी पुढे जिथे वाहत जाईल तिथल्या जिवांनी काय खायचे? तरीही प्रयोगच नको म्हणणाऱ्यांशी माझे जुळत नाही. प्रयोग झाला नसता, तर स्वस्तात पापक्षालन विकणाऱ्यांना रान मोकळे मिळाले असते.

या पाण्याचा एक जुना वैद्य होता, तो देवमासा. जवळ्यासारखे दिसणारे क्रिल तो मणामणांनी खातो. क्रिलच्या अंगात वनस्पतींतून आलेले लोखंड असते. आणि देवमाशाच्या विष्ठेत भोवतालच्या पाण्याच्या सुमारे एक कोटी पट लोखंड असते, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत दिसले. विसाव्या शतकात दक्षिण गोलार्धात वीस लाखांच्या आसपास देवमासे मारले गेले. पुष्कळसे साबणासाठी आणि मार्गारीनसाठी. १९८६ पासून व्यापारी शिकारीवर आंतरराष्ट्रीय बंदी आहे. काही देश ती मानत नाहीत. पण दक्षिणेकडे हंपबॅक देवमासे पुन्हा पुष्कळ दिसू लागले आहेत. निळे देवमासे अजून थोडेच आहेत.