पावतीवरची ‘शिल्लक’

पूस नदीच्या काठच्या या पुसद गावी लहानमोठ्या संस्थांसाठी वेब ॲप्लिकेशन तयार करण्याचा व्यवसाय मी अनेक वर्षे करीत आलो असून, या अवधीत माझे एक मत उत्तरोत्तर दृढ होत गेले आहे. ज्या संस्थेच्या दप्तरी संगणकाची निगा राखणारा स्वतंत्र मनुष्य नाही, तिचे ॲप्लिकेशन सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा जो स्वतःचा पॅकेज मॅनेजर असतो, त्याच्या कोठारातून मिळणाऱ्या सामग्रीवरच उभे करावे आणि त्याबाहेरची वस्तू सबळ कारणाखेरीज घेऊ नये.

या मतास कारण घडले ते एका पतसंस्थेचे काम. सभासदाने पैसे भरले की त्यास मराठीत छापील पावती मिळावी, एवढीच संस्थेची अपेक्षा होती. परंतु देवनागरी छापणे ही वाटते तितकी सरळ गोष्ट नव्हे. ‘शिल्लक’ हा एकच शब्द घ्या : त्यातली ऱ्हस्व वेलांटी संगणकाच्या स्मृतीत ‘श’नंतर साठवलेली असते, पण कागदावर ती ‘श’च्या आधी उमटली पाहिजे, आणि पुढच्या दोन ‘ल’कारांचे एक जोडाक्षर झाले पाहिजे. पावतीची पीडीएफ करणारा वीझीप्रिंट हा पायथन भाषेतला प्रोग्राम ही अक्षरजुळणी स्वतः करीत नाही. तो ती पँगो नावाच्या लायब्ररीकडे सोपवतो, आणि पँगो हार्फबझकडे. (हे नाव फारसी आहे : ‘हर्फ’ म्हणजे अक्षर, ‘बाज’ म्हणजे खुले. आपल्या जुन्या दफ्तरी मराठीतला ‘हरफ’ तो हाच.) मी त्या वेळी पायथनच्या पिप या साधनाने वीझीप्रिंट सर्व्हरवर आणला, स्थापना निर्विघ्न झाल्याचा निरोपही वाचला, आणि दुसऱ्या दिवशी, खिडकीपुढे सभासदांची रांग लागलेली असताना, पहिल्याच पावतीस प्रोग्राम थांबला. पिपने पायथनपुरती सामग्री आणली होती. सी भाषेतली पँगो आणणे त्याच्या अखत्यारीतच नव्हते. ती घाईघाईने बसवली, तेव्हा मराठी फॉन्ट नसल्यामुळे अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन उमटले.

डेबियन या ऑपरेटिंग सिस्टिमच्या ॲप्ट या पॅकेज मॅनेजरकडे वीझीप्रिंटचे पॅकेज मागितले असते, तर पँगो व हार्फबझ त्याच्यामागून आपोआप आले असते, कारण कोणत्या पॅकेजला कशाची गरज आहे याचा तपशील तेथे भाषेची सीमा न मानता नोंदलेला असतो. आणि लोहित मराठी हा फॉन्टही त्याच कोठारात पॅकेजरूपाने आहे. इयन मर्डॉक यांनी १९९३ च्या ऑगस्टमध्ये आरंभिलेल्या या प्रकल्पाच्या बाराव्या आवृत्तीत, जी जून २०२३ मध्ये निघाली, चौसष्ट हजारांवर पॅकेजे आहेत. लेखक आणि वापरणारा यांच्या दरम्यान तेथे तिसरा मनुष्य, म्हणजे पॅकेजचा सांभाळकर्ता, उभा असतो. तो परवाना तपासतो, इतर पॅकेजांशी मेळ घालतो, आणि कोठाराच्या यादीवर डिजिटल सही असल्यामुळे मार्गात फेरफार झाल्यास तो उघडकीस येतो. असा मध्यस्थ नसला म्हणजे काय होते, ते २२ मार्च २०१६ रोजी दिसले : नावावरून उद्भवलेल्या वादात एका लेखकाने एनपीएम या जावास्क्रिप्टच्या पॅकेज-कोठारावरून आपली पॅकेजे काढून घेतली, आणि त्यांतल्या लेफ्टपॅड या अवघ्या अकरा ओळींच्या पॅकेजवाचून जगभरच्या असंख्य प्रकल्पांची बांधणी अडली.

या मार्गाला किंमत आहे, आणि ती मी मोजली आहे. डेबियन १२ मध्ये जँगो हे वेब ॲप्लिकेशनचे पायथन फ्रेमवर्क मिळते ते ३.२, जेव्हा मूळ प्रकल्प ४.२ पर्यंत पोचला होता. नव्या सोयींचा मोह आवरावा लागतो. पण मूळ प्रकल्पाने ३.२ चा आधार एप्रिल २०२४ मध्ये थांबवल्यावरही सुरक्षेच्या दुरुस्त्या डेबियनकडून येत राहतात, आणि दीर्घ मुदतीच्या व्यवस्थेसह ही मुदत जून २०२८ पर्यंत आहे. करारनाम्यात ही तारीख लिहून देता येते. पतसंस्थेच्या दृष्टीने हे पाच वर्षांचे आश्वासन कोणत्याही नव्या सोयीहून मोलाचे आहे, असे मी निःशंकपणे म्हणतो. बाहेरची एखादी लायब्ररी अपरिहार्यच झाली, तर ती वेगळ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवून तिचे कारण मी वहीत तारखेनिशी नोंदतो. ती पतसंस्था आज याच पद्धतीवर चालते, आणि तिच्या बाबतीत त्या नोंदी तीनच आहेत.

पुसदला १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. डेबियनची प्रत्येक आवृत्ती निघण्यापूर्वी दीर्घकाळ ‘टेस्टिंग’ या नावाने सर्वांस खुली असते. ती आपल्या यंत्रावर बसवावी, मराठीत एक पावती छापून पाहावी, आणि ‘शिल्लक’ चुकीची उमटली तर रिपोर्टबग या प्रोग्रामने सांभाळकर्त्यास तसे कळवावे.