जॅकखालची जमीन

जॅकचा तळवा वीतभरही नसतो. त्या एवढ्याशा जागेवर गाडीचा मोठा भार येतो, आणि त्याच गाडीखाली एक माणूस उताणा पडून काम करत असतो. गॅरेजची फरशी करणाऱ्याने सगळ्यात आधी त्या माणसाचा विचार करावा, असं प्रस्तुत लेखकाला मनापासून वाटतं. नांदेड-लातूर पट्ट्यात फरश्यांची कामं करण्यातच त्याची उमेदीची वर्षं गेली. नवं गॅरेज दिसलं की त्याची नजर बोर्डाकडे नाही, खाली जाते.

भारतीय मानकानेही हिशेब असाच मांडला आहे. आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात अडीच टनांपर्यंतच्या वाहनांची गॅरेजं येतात, दुरुस्तीच्या वर्कशॉपसह. तिथे पसरलेला भार दर चौरस मीटरला २.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण अडीचशे किलो धरायचा. राहत्या खोलीला २ धरतात, तेव्हा फरक फार नाही. पण त्याच ओळीत एकवटलेला भारही दिला आहे: ९ किलोन्यूटन, जवळपास नऊशे किलो. फरशी फुटते ती या दुसऱ्या आकड्यामुळे.

ही झाली कारची गोष्ट. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला येणाऱ्या ३६१ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर ट्रक अडतात, आणि ट्रकचं वजन वाढलेलं आहे. २०१८ मध्ये केंद्राने मागच्या चार चाकी एक्सलची मर्यादा १०.२ वरून ११.५ टनांवर नेली. भरल्या ट्रकची मागची एक बाजू उचलायची तर जॅकखाली पाच टनांच्या वर भार येतो. दहा वर्षांपूर्वी टाकलेला कोबा तोच, वरचं ओझं मात्र तेच राहिलेलं नाही.

आणि खाली काळी माती. नांदेडच्या आग्नेयेला देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइट लागतो, पण बाकी बहुतेक मुलूख बेसॉल्टचा, त्यावर बेसॉल्ट झिजून झालेली ही माती. तिच्यातलं मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज पाणी आपल्या थरांत ओढून घेतं आणि फुगतं. पाणी गेलं की आकसतं. मे महिन्यात शेतात हात जाईल अशा भेगा पडतात, त्या यामुळेच. गॅरेजच्या मधल्या भागाखाली ओल बारा महिने जवळपास सारखी राहते, कडा मात्र पावसात फुगतात आणि उन्हाळ्यात बसतात. म्हणून तडा बहुतेक वेळा शटरपासून थोडा आत, कडेला समांतर जातो. मालक सिमेंटला दोष देतो. बरेचदा खरं कारण शेजारचा वॉशिंग रॅम्प असतो: गाड्या धुतलेलं पाणी रोज फरशीच्या कडेखाली मुरत राहतं.

यावर उपाय जुना आहे. काळी माती उकरून काढायची, मुरूम वीतभराच्या थरांनी भरायचा, प्रत्येक थराला पाणी मारून धुम्मस करायची, मग सोलिंग, मग काँक्रीट. आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा थर द्यायची पद्धत अभ्यासातून पुढे आणली. तिच्यातून गवंड्याने घ्यायचं ते एवढंच, की भरावाला नुसती वाळू नको. वाळू पाणी धरून ठेवते आणि खालच्या मातीला पाजत राहते. बांधून येणारा, न फुगणारा मुरूम हवा. या कामाला पैसे काढताना हात आखडतो, कारण झाल्यावर ते दिसत नाही.

दिसते ती शहाबादी लादी. तिच्या खाणींचं कलबुर्गी जवळ असल्याने इथे ती स्वस्त, घरोघर, देवळातही. घराला ती उत्तम. गॅरेजला नाही. ती चुनखडकाची असते. बॅटरीतलं गंधकाम्ल सांडलं की फसफसते आणि वरचा पापुद्रा भुसभुशीत होऊन निघतो. शिवाय खाली मसाला पोकळ राहिला असेल तर जॅकचा तळवा लादीचे दोन तुकडे करतो. त्यापेक्षा सहा इंची एम-२५ काँक्रीट, ट्रिमिक्स करून (जादा पाणी यंत्राने ओढून), चारेक मीटरवर ग्रूव्ह कापलेलं, कितीतरी भरवशाचं.

नियमांत काय आहे? राष्ट्रीय इमारत संहितेत सार्वजनिक गॅरेजच्या व्याख्येतच दुरुस्ती आणि सर्व्हिसिंग आहे. गॅरेजची जमीन भोवतालापेक्षा किमान १५ सेंटिमीटर उंच असावी आणि पाण्याचा निचरा नीट व्हावा, असंही तिथे आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने कलम ३२ मध्ये फरशी मजबूत आणि घसरण होणाऱ्या पदार्थांपासून मुक्त ठेवायला सांगितलं होतं, कलम ३३ मध्ये धोक्याचा खड्डा झाकायला किंवा कुंपण घालायला. अमेरिकेची इमारत संहिता आणखी स्पष्ट बोलते: दुरुस्ती गॅरेजची फरशी काँक्रीटची किंवा तशीच न जळणारी, तेल न शोषणारी हवी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती जमिनीलगत सरकते आणि गाडीखाली उतरून काम करायच्या खड्ड्यात साचते. म्हणूनच तिथली विद्युत संहिता फरशीपासून १८ इंचांपर्यंतचा पट्टा धोक्याचा मानते. आपल्याकडे हँडलॅम्पचं बोर्ड खड्ड्याच्या तोंडाशीच ठोकलेलं दिसतं, तेव्हा पोटात गोळा येतो.

निचरा म्हटला की ढाळ आला, आणि इथे कसब लागतं. पाण्याला शंभराला एक तरी ढाळ हवा. चाकांच्या जॅकला तो नको, कारण घोडी (टेकूचा स्टँड) लावायच्या आधीच गाडी सरकू शकते. व्हील अलाइनमेंटला तर जमीन अगदी लेव्हलमध्ये लागते. एकाच पाट्याने सगळं गॅरेज ओढून चालत नाही. काम करायची जागा सपाट, धुण्याची ढाळाची, मध्ये जाळीची नाली, आणि नाली थेट गटारात न सोडता तेल अडवणाऱ्या तीन कप्प्यांच्या टाकीत. नांदेडला पुढे गोदावरी आहे, आणि जळकं ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं.

लातूरला पाण्याचाच प्रश्न. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. १२ तारखेला पोहोचलेल्या पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर होतं. अशा गावात ओल्या काँक्रीटला पाणी कुठून मारायचं? आयएस ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटला किमान सात दिवस, राखमिश्रित सिमेंटला दहा, आणि कोरड्या उन्हाळ्यात त्याहून जास्त. कितीतरी फरश्यांचा पृष्ठभाग इथेच कच्चा राहतो, वर्षभरात भुकटी सुटते, तेल आत उतरतं. ओलं गोणपाट आणि त्यावर प्लॅस्टिकचा कागद घातला तर टँकरचं पाणी पुष्कळ वाचतं. त्याहून बरं म्हणजे काम दिवाळीनंतर काढणं.

नांदेड-वाघाळा आणि लातूर या दोन्ही महापालिकांनी गॅरेजच्या परवानगीसाठी फरशीचा एक उभा छेद मागावा, अशी प्रस्तुत लेखकाची मागणी आहे. त्यात मुरुमाची खोली, काँक्रीटची जाडी, नालीची दिशा, खड्ड्याचं झाकण आणि तेलाच्या टाकीची जागा. कोणताही इंजिनिअर हा कागद अर्ध्या तासात काढून देईल, आणि तपासनीसाला मुरूम भरताना एकदा साइटवर यावं लागेल.