कापडाचा माणूस

गेल्या महिन्यातली गोष्ट. माझा धाकटा मुलगा नववीत आहे, इंग्रजी माध्यमाला. धडा वाचता वाचता त्याने विचारले, "पप्पा, 'मॅन ऑफ द क्लॉथ' म्हणजे कापड दुकानदार ना?"

मी बी. कॉम. झालेला कारकून. कापडाचा हिशेब करता येईल, पण हा शब्दप्रयोग मला ठाऊक नव्हता. शब्दकोश काढून पाहिला, तर अर्थ निघाला धर्मगुरू, पाद्री! इंग्लंडात पूर्वी 'क्लॉथ' म्हणजे त्या त्या पेशाचा किंवा बड्या घरच्या नोकराचा ठरावीक पोशाख. अंगावरच्या कापडावरून माणसाचे काम ओळखायचे. पुढे, सुमारे तीनशे वर्षांपूर्वीपासून, हा शब्द विशेष करून पाद्र्यांनाच चिकटला.

मुलगा म्हणाला, "मग आपल्या भन्तेजींना काय म्हणायचं?"

"आपणही तेच म्हणतो की! चीवरधारी."

उत्तर देऊन मी मोकळा झालो, पण त्या रात्री मला माझ्या आजीची आठवण झाली.

२००४ साली वर्षावासाच्या समाप्तीनंतर आमच्या वस्तीतल्या विहारात चीवरदानाचा कार्यक्रम होता. मी नुकताच समितीचा खजिनदार झालो होतो. भन्तेजी चीवराची माहिती सांगत होते. सुरुवातीच्या काळात भिक्खू पंसुकूल चीवर वापरत. पंसु म्हणजे धूळ, कूल म्हणजे ढीग. उकिरड्यावर, स्मशानात टाकून दिलेल्या चिंध्या वेचायच्या, धुवायच्या, शिवायच्या आणि झाडाची साल, मुळे, पाने यांच्या काढ्यात रंगवायच्या. पुढे जीवक वैद्याने विनंती केली, तेव्हा भगवंतांनी गृहस्थांनी दिलेले कापड घ्यायला परवानगी दिली. पण नवे कापडही तुकडे करून, मगधातल्या शेतांच्या बांधांसारखे जोडून शिवायचे. तुकडे केलेल्या कापडाचा लोभ कुणाला राहत नाही.

एवढ्यात मागे बायकांत बसलेली माझी आजी उभी राहिली. हात जोडून म्हणाली, "भन्ते, एक इचारू का? मसणातलं कापाड माझ्या आयच्या अंगावरबी हुतं. मग तिच्या पाया कुणी का न्हाई पडलं?"

विहारात सगळे चिडीचूप झाले. मला तर मेल्याहून मेल्यासारखे झाले. आजीने हे घरात कधी सांगितले नव्हते. गावात मयत झाले की प्रेतावरचे कापड महाराच्या वाट्याला यायचे, हे मी पुस्तकात वाचले होते. त्याच कापडाची चोळी माझ्या पणजीने घातली होती, हे मला त्या दिवशी कळले.

भन्तेजी थोडा वेळ डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "आजी, कापड एकच. तुमच्या आईवर ते लादलं होतं. 'नको' म्हणायची तिला सोय नव्हती. भिक्खूने ते आपण होऊन घेतलं. राजपुत्रानेही घेतलं आणि न्हाव्यानेही घेतलं."

वाचकहो, मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मृतांची वस्त्रे वापरावीत असा नियम आहे. ही मनुस्मृती बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाहीरपणे जाळली. मनूने जे कापड माणसाला हीन ठरवण्यासाठी वापरले, तसलेच कापड तथागतांच्या संघात माणसे समान करण्यासाठी आले. उपाली न्हाव्याला शाक्य राजपुत्रांच्या आधी प्रव्रज्या मिळाली, म्हणून राजपुत्रांना त्याला वंदन करावे लागले. चीवरधारी या शब्दामागे हा इतिहास आहे.

त्या कापडाच्या रंगाला पालीत 'कासाव' म्हणतात, आणि मनाच्या मळाला 'कसाव'. धम्मपदाच्या पहिल्याच वग्गात या दोन शब्दांची जोडी येते. मनाचा मळ न टाकता अंगावर कासाव घेणारा त्याला पात्र नाही, असा त्याचा भावार्थ. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत रोकडा प्रश्न विचारला आहे. भिक्खू निर्माण करण्यामागे भगवंतांचा हेतू काय होता? स्वतःपुरता परिपूर्ण माणूस, की समाजाचा सेवक? आपण वंदन करतो ते कोणाला, याचे उत्तर त्या प्रश्नात आहे.

आता माझ्या खजिनदारकीची गोष्ट. परवा विहाराचे कपाट आवरले. त्यात सतरा चीवरे निघाली, घडीसुद्धा न मोडलेली. भिक्खूला लागतात तीन. आपण मात्र दरवर्षी घराघरातून एकेक आणतो आणि पुण्य झाले म्हणून घरी जातो. मी समितीत मांडले की यंदा साऱ्या वस्तीने मिळून एकच चीवर द्यावे. उरलेल्या पैशांतून मुलांच्या अभ्यासिकेची वीज आणि पुस्तके व्हावीत, आणि भन्तेजींना विनंती करावी की आठवड्यातून एक संध्याकाळ तिथे मुलांमध्ये बसा. दोघा ज्येष्ठांना ते पटले नाही. "दानाची रीत मोडू नका," असे त्यांचे म्हणणे. येत्या रविवारी बैठक आहे.

आजी २००९ साली गेली. त्या दिवशी भन्तेजींचे बोलणे ऐकून ती खाली बसली होती. कार्यक्रम संपल्यावर तिने चीवराला हात लावून पाहिला आणि एवढेच म्हणाली, "आता घेणाऱ्यानं त्याची लाज राखावी, म्हंजी झालं."

मुलाला मी ही सगळी हकीकत सांगितली. रविवारच्या बैठकीला तोही येणार आहे.