विहाराची मोटारसायकल

कार्तिकी पौर्णिमा उलटली की साधू-साध्वींचा विहार पुन्हा सुरू होतो आणि त्याबरोबर गावोगावच्या श्रावकांची एक जबाबदारीही सुरू होते. पूर्वीच्या पिढीतील विहार शेताच्या कडेने, बैलगाडीच्या वाटेने होत असत. आता नगर-पुणे रस्त्यासारख्या मोठ्या रस्त्याच्या कडेनेच चालावे लागते. त्यातच हा काळ ऊस गळिताच्या हंगामाचा. मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या पहाटेच्या धुक्यात रस्ता अडवून चाललेल्या असतात, आणि त्यांना ओलांडण्यासाठी मागची वाहने नेमकी कडेच्या बाजूला घुसतात. विहारात साध्वीजींना वाहनाची धडक बसल्याच्या बातम्या समाजाला अधूनमधून वाचाव्या लागतात. म्हणून कित्येक ठिकाणी श्रावक आपली मोटारसायकल घेऊन, मागचा दिवा लुकलुकत ठेवून, विहाराच्या पाठीमागे हळूहळू चालवतात.

नगरच्या एका कापड व्यापाऱ्याच्या घरी ही सेवा दहा-बारा वर्षांपासून चालत आली आहे. दुकान थोरले काका पाहतात, पहाटेची गाडी पुतण्या चालवतो. गाडी शंभर सीसीची, कार्बुरेटर असलेली, 2020 च्या आधीची. दुकानाच्या रोजच्या कामाला दुसरी वाहने असल्याने ही जुनी गाडी विहारासाठीच राखून ठेवलेली.

त्या वर्षी विहार सुरू होऊन आठ दिवस झाले होते. सुप्याच्या अलीकडे, अजून पुरते उजाडलेले नसताना, गाडीचा आवाज बदलला. आधी जळका वास आला, मग इंजिनातून बारीक टकटक ऐकू येऊ लागली आणि गाडी बंद पडली. पुतण्याने किक मारून पाहिली, गाडी सुरू होईना. चार साध्वीजी पुढे चालत होत्या, मागे आता दिवा नव्हता. पाठीमागून आलेला ट्रक त्यांच्यापासून हातभर अंतरावरून गेला. कोणाला काही झाले नाही. साध्वीजींनी नेहमीप्रमाणे पुढची चार हात जमीन पाहत चालणे सुरूच ठेवले. पुतण्या मात्र मोबाईलची बॅटरी हलवत त्यांच्या मागे धावला. शेजारच्या धाब्यावरचा एक भला माणूस तापलेल्या इंजिनावर ओतण्यासाठी बादलीभर पाणी घेऊन आला होता, त्याला काकांनीच फोनवरून थांबवायला सांगितले. ते पाणी गाळलेले नव्हते हे एक कारण, आणि लालबुंद तापलेल्या धातूवर एकदम थंड पाणी पडले तर तो तडकू शकतो हे दुसरे. दोन्ही कारणे काकांना सारखीच वजनदार वाटत होती.

शहरातील एका मोठ्या गॅरेजने गाडी दोन दिवस ठेवून घेतली. तेथील मुलाने ती बाह्यवळण रस्त्यावर पन्नासच्या वेगाने पळवून आणली. काही दोष आढळला नाही. प्लग काढून पाहिला, तो व्यवस्थित तांबूस होता. तेल बदलून दिले आणि पुन्हा तापली तर बोअर-पिस्टन करावे लागेल, सात हजार खर्च येईल, असे सांगितले. दुसऱ्याच पहाटे, पाच किलोमीटर होण्याच्या आत, गाडी पुन्हा तापली.

आता प्रश्न सात हजारांचा राहिला नव्हता. घरातील मंडळी म्हणू लागली की ही सेवा दुसऱ्या कुटुंबाकडे द्यावी किंवा नवी गाडी घ्यावी. काका बोलले नाहीत. हिशेबात फरक निघाला म्हणून कोणी पेढी बंद करीत नाही, आधी नोंद कुठे चुकली ते शोधतो, ही त्यांची जुनी रीत. त्यांनी गाडी माळीवाड्यातील एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे ढकलत नेली.

मिस्त्रीने हत्यार हातात घेण्याआधी पहिला प्रश्न विचारला, “शेठ, गाडी नेमकी कधी तापते?” काकांनी विहाराची सगळी हकीकत सांगितली. पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा दाबून, माणसाच्या चालीने, तासन्‌तास. मिस्त्री हसला. “मग ती पळवून काय बघायची? चालीनेच बघू की.”

या एका वाक्यात निदानाचा अर्धा भाग होता. पेट्रोलच्या उष्णतेतील साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याएवढीच उष्णता चाकाच्या कामी येते, बाकीची सायलेन्सरमधून आणि इंजिनाच्या अंगावरून बाहेर टाकावी लागते. अशा गाडीला पाण्याचा रेडिएटर नसतो. सिलिंडरच्या भोवती अ‍ॅल्युमिनियमच्या ज्या पातळ पट्ट्या दिसतात, त्या समोरून येणाऱ्या वाऱ्याने गार होतात. गाडी चाळीसने चालली की वारा आपोआप मिळतो, चारने चालली की गरम हवा तिथेच घोटाळत राहते. शिवाय क्लच या गाड्यांत इंजिनाच्या तेलातच बुडालेला असतो, अर्धा दाबून ठेवला की तो घासतो आणि ती उष्णताही त्याच तेलात जाते. म्हणजे ज्या तेलाने इंजिन गार ठेवायचे तेच दोन्हीकडून तापते. हे सगळे खरे असले तरी गेली दहा वर्षे गाडी याच चालीने चालली होती आणि तापली नव्हती. तेव्हा यंदा नवे काय घडले हे शोधणे बाकी होते.

तेलाची पट्टी पुसून, न फिरवता नुसती आत टेकवून पाहिली. पातळी योग्य होती. मुख्य स्टँडवर मागचे चाक हाताने फिरवले, ते दोन फेऱ्यांत थांबले. ब्रेक किंचित लागून राहत होता, तो सैल केला. इंजिन सतत एका अडथळ्याविरुद्ध ओढत होते, पण एवढ्याने गाडी बंद पडली नसती. मग पट्ट्यांमधला चिखल खरवडताना मागच्या बाजूला मातीचा एक गोळा दिसला. कुंभारीण माशीचे घर. काका एकदम पुढे झाले. “थांबा मिस्त्री, आत जीव आहे का ते आधी पाहा.” मिस्त्रीने बॅटरी धरली. घराला गोल छिद्रे पडलेली होती, पिल्ले केव्हाच उडून गेली होती. घर रिकामे होते. तेव्हाच काकांच्या लक्षात आले की गाडी आठ दिवस तापत होती आणि आपण एकदाही खाली वाकून पाहिले नव्हते. ते काही वेळ गप्प बसले. पाहणी आधी व्हायला हवी होती हे मिस्त्रीलाही कळले असावे, त्याने विषय काढला नाही.

नंतर गाडी अर्धा तास गार होऊ दिली. मिस्त्रीने नवा प्लग बसवला, गाडी फक्त मंद वेगावर दहा मिनिटे चालू ठेवली आणि बंद करून तोच प्लग बाहेर काढला. त्याची चिनी मातीची बाजू चुन्यासारखी पांढरी होती. मोठ्या गॅरेजातील प्लग तांबूस होता तो गाडी वेगात पळवून आणल्यामुळे. वर्षअखेरचा ताळेबंद जुळतो आणि रोजची रोकड मात्र जुळत नाही, असे बँकांच्या शाखांतही घडते. तपासणारा फक्त ताळेबंद पाहत असेल तर त्याला दोष सापडणार नाही.

पांढरा प्लग म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. पेट्रोल वाफ होताना थोडी उष्णता स्वतःबरोबर घेऊन जाते, ते कमी पडले की तो थंडावाही जातो आणि इंजिन जास्त तापते. कार्बुरेटरमध्ये पेट्रोलचे दोन मार्ग असतात. थ्रॉटल उघडला की मोठ्या जेटमधून पेट्रोल येते, मंद चालीला ते लहान जेटमधून येते. मिस्त्रीने लहान जेट काढून दिव्यासमोर धरला. त्याचे भोक केसाएवढे असते, पण त्यातून उजेड आरपार दिसायला हवा. दिसला नाही. आत पिवळसर, डिंकासारखा थर बसलेला होता.

काकांना आता गणित उलगडले. यापूर्वी चातुर्मासातही पुतण्या अधूनमधून ही गाडी बाजारात नेत असे. यंदा दुकानासाठी नवी स्कूटर आल्यामुळे गाडी चार महिने जागची हलली नव्हती. कार्बुरेटरच्या वाटीतील पेट्रोल हळूहळू उडून गेले आणि मागे हा डिंक राहिला. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, ते हवेतील ओल शोषून घेते आणि पावसाळा म्हणजे ओलीचाच काळ. इथेनॉल उसापासूनही बनते, त्यामुळे उसाने या गाडीला रस्त्यावर आणि टाकीत अशा दोन्ही ठिकाणी गाठले, असे पुतण्याचे म्हणणे. मिस्त्रीने जेट क्लीनरमध्ये बुडवला, हवेच्या दाबाने फुंकला आणि तांब्याच्या तारेचा एक धागा आतून फिरवला. पोलादी सुई त्याने वापरू दिली नाही, तिने भोक मोठे होते. हवेचा स्क्रू लावून झाल्यावर गाडी पुन्हा मंद चालीवर ठेवली, या वेळी प्लग फिकट तांबूस निघाला. बिल साडेतीनशे रुपये झाले. काकांनी पाचशेची नोट दिली, मिस्त्रीने दीडशे मोजून परत केले.

जाताना मिस्त्री इतकेच म्हणाला, “शेठ, गाडी दुरुस्त केली, तिचा स्वभाव नाही बदलला. तासन्‌तास चालीने चालवाल तर कधी ना कधी दमणारच.” त्यानुसार घरात नवी पद्धत ठरली. चमकणारे जाकीट घातलेला एक कार्यकर्ता हातात लाल लुकलुकता दिवा घेऊन साध्वीजींच्या मागे पायी चालतो. गाडी त्याच्याही मागे, इंजिन बंद करून थांबते. दोनेकशे मीटर अंतर पडले की सुरू होऊन पुढे येते आणि पुन्हा थांबते. गाडीच्या बॅटरीवर भार नको म्हणून तिला चार्जिंगचा वेगळा दिवा बांधला आहे. मागून येणाऱ्या ट्रकला आता इशारा आधीपेक्षा लवकर मिळतो.

आषाढी चतुर्दशीच्या आदल्या दिवशी पुतण्या पेट्रोलचा नळ बंद करतो, गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो आणि कार्बुरेटरच्या वाटीचा स्क्रू सैल करून उरलेले थेंब बाटलीत काढतो. मग सगळ्या इंजिनावर सुती कापड गुंडाळतो. कार्तिकात ते कापड सोडताना काका स्वतः खाली बसतात आणि बॅटरी घेऊन एकेक पट्टी पाहतात.