मावसाजींची वही

गोरेगावहून पवनीला आम्ही गेलो होतो ते एका साक्षगंधासाठी. कोहमारा, साकोली, लाखांदूर असा रस्ता. कार्यक्रम लवकर आटोपला, तेव्हा मावसाजी म्हणाले, "चला, जगन्नाथ टेकडी दाखवतो."

जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर शिकवलं. मी त्यांची विद्यार्थिनी झाले ती त्या दुपारी.

नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९-७० मध्ये पवनीला उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या त्या कामातून इथला विटांचा स्तूप आणि दगडी कठड्याचे कोरीव खांब उजेडात आले. मावसाजींनी पिशवीतून दोनशे पानी वही काढली. उत्खननाच्या अहवालातली चित्रं बटर पेपरवर गिरवून त्यांनी पानापानांवर डकवली होती. एका पानावर झाडाखाली रिकामं आसन, मागे फणा उभारलेला मुचलिंद नाग.

"आजोबा, बुद्ध कुठाय?" माझ्या लेकीनं विचारलं.

"आसनावर. तेव्हाचे कारागीर त्यांना माणसाच्या रूपात कोरत नसत."

मग आले दानलेख. विसमिता नावाच्या बाईनं सर्व जीवांच्या सुखासाठी दान दिलेलं. पाच निकाय, म्हणजे बौद्ध सूत्रांचे पाच संग्रह, जाणणारा नाग नावाचा कोणी. राजांच्या नावावर आपण किती सहज सगळी कला चढवतो! वैनगंगेकाठी मात्र दान देणाऱ्या साध्या माणसांची नावं दगडावर राहिली. ही नावं मला कुठल्याही ताम्रपटाहून मोलाची वाटतात.

१८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपला ब्राह्मी लिपी उलगडली ती सांचीच्या अशाच लेखांमुळे. ओळींच्या शेवटी तीच दोन अक्षरं पुन्हा पुन्हा येत होती, 'दानं'. मावसाजींनीही लेकीला तिथूनच शिकवायला घेतलं. काडीनं मातीत आडवी रेघ ओढली, तिच्यावर उभी काठी काढली : हा 'न'. शेजारी टिंब दिलं की 'नं'. अंधारून येईस्तोवर ती गिरवत बसली आणि गाडी निघायची घाई करणाऱ्या सगळ्यांना मावसाजींनी थोपवून धरलं.

ते गेल्यावर मावशीनं वही माझ्या हाती दिली. "लेकीला लागेल," एवढंच म्हणाली. पवनीच्या उत्खननात ज्या विभागाचा हात होता, नागपूर विद्यापीठाच्या त्याच विभागात लेक आता शिकते. ब्राह्मीचा पहिला तास झाला त्या संध्याकाळी तिचा फोन आला, "आई, मला आधीच येत होतं."