वाढवलेल्या बांगड्यांचे गाव

बांगडी ‘फुटली’ म्हणायचे नाही, ‘वाढवली’ म्हणायचे, ही घरोघरची रीत. म्हणताना शब्द शुभ, पण तुकडे मात्र केरातच जातात. चंदीगडच्या एका साध्या सरकारी नोकराने ते केरात जाऊ दिले नाहीत.

नेकचंद सैनी यांचे गाव फाळणीत पाकिस्तानात गेले. ते चंदीगडला बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक झाले. नव्या शहरासाठी तिथली जुनी गावे पाडली जात होती. त्यांचा राडारोडा, फुटक्या कपबश्या, बांगड्यांचे तुकडे, नाना आकारांचे दगड ते सायकलवरून सुखना तलावाजवळच्या राखीव जंगलात नेऊ लागले. दिवसा नोकरी आणि रात्री हे काम, तेही कुणाला कळू न देता, सुमारे १८ वर्षे!

१९७५ साली हे बिंग फुटले. सरकारी जमिनीवरचे बेकायदा बांधकाम पाडायचे की राखायचे? पाहणारे त्या मूर्तींच्या प्रेमातच पडले. १९७६ मध्ये ‘रॉक गार्डन’ सर्वांसाठी खुले झाले आणि नेकचंदना पगार व मजूर देऊन त्याच कामावर नेमण्यात आले. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

२०१५ साली ते गेले. बांगड्यांच्या तुकड्यांनी मढवलेल्या बाहुल्या मात्र तिथे रांगेने उभ्या आहेत. स्वतःचे गाव गमावलेल्या माणसाने दुसऱ्यांच्या मोडलेल्या घरांतून नवे गाव वसवले. तिथे बांगडी खरोखरच ‘वाढली’.