धुराचा वास

पिकअप धूर सोडू लागली की आधी डिझेलला शिव्या घालायच्या आणि मग नोझल खोलायचं, ही आमच्या वाडीतली रीत. नोझल काय, कोणीही बदलतो. रोटरी पंपाच्या जुन्या गाडीत खरा घोळ वेगळाच असतो, कारण तिथे पंपाला वंगण डिझेलचंच. त्यात रॉकेल मिसळलं की धूर वाढतोच असं नाही, पुष्कळदा कमीच दिसतो. पंप मात्र आतून घासत जातो, टायमिंग मागे पडतं आणि काही महिन्यांनी गाडी सकाळी सकाळी पांढरा धूर ओकत दारात उभी. तेव्हा टाकीत चांगलं डिझेल असतं. गुन्हेगार कधीच जळून गेलेला.

एप्रिल २०२० पासून १० पीपीएम गंधकाचं डिझेल मिळतं, त्यानेच पंप जातात, असं आमच्या गॅरेजच्या रांगेतले जुने मेकॅनिक सांगतात. गंधकाबरोबर वंगणही कमी होतं हे खरं, पण रिफायनरी ते वरून मिसळते. मला ही सबब पटत नाही.

मे महिन्यात तर भेसळ ओळखायचा हायड्रोमीटरही चकवतो. पेट्रोल पंपावर लिहिलेली घनता १५ अंशांची, आपण मोजतो नागपूरच्या ४५ अंशांत. ८३५चं डिझेल इथे ८१५च्या आसपास दिसतं. कोष्टक न लावता भेसळ ओरडणाऱ्याच्या हाती मी पाना देणार नाही.

पीयूसीवाल्यांचं तर विचारूच नका. धुराची मर्यादा जुन्या गाड्यांना ६५ हार्ट्रिज, बीएस-४ला ५०. आदल्या दिवशी मेकॅनिककडून पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल आवळायचं, कागद घ्यायचा. मग काटोलहून संत्री भरून निघालेली गाडी चढावर दम टाकते, तेव्हा तोच गडी स्क्रू परत फिरवून पुन्हा पैसे घेतो.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत माझं नाक गेलं. परत आलं ते अर्धंच. त्याआधी सायलेन्सरचा धूर ओंजळीत घेऊन हुंगायचो आणि सांगायचो: कच्चं डिझेल, इंजिन ऑइल की रॉकेल. भोवती ड्रायव्हर जमायचे, कुणीतरी चहा सांगायचा. ते कौतुक मला मजुरीपेक्षा गोड लागायचं.

ते सोडवत नाही. गिऱ्हाइकासमोर अजूनही मीच वाकतो, डोळे मिटून हुंगतो. खरं हुंगतो तो शेजारी उभा असलेला माझा पोरगा. रॉकेल असलं की तो फडकं डाव्या खांद्यावर टाकतो. गेल्या महिन्यात त्याने या फडक्याचे वेगळे पैसे मागितले. दिले.